मॅगी तुस्कानो आणि साखरेचा बर्फ

बहरीनमध्ये सात हिवाळे बर्फ विकणाऱ्या मॅगी तुस्कानोनं स्वतः बर्फ पाहिला होता तो फक्त लिंबाच्या सरबतात. हे ऐकून कुणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. मॅगी स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायची. "आंधळ्यानं चष्म्याचं दुकान काढावं तशी मी," म्हणायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला डोंगराचं रंगीत चित्र दाखवायला लागायची.

बाई वसईची. बाप मिठागरावर मुकादम, घर खाडीलगत, आणि घरात पाच बहिणी. त्यामुळे एक गोष्ट लहानपणीच पक्की शिकलेली, की जी मोठ्यानं बोलते तिलाच मासळीचा तुकडा मिळतो. ती सवय पुढेही कधी सुटली नाही. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, मुंबईच्या एका शिपिंग कंपनीत टेलेक्सवर बसली, आणि १९७५ साली नवरा लेस्ली बहरीनच्या एका हॉटेलात स्टोअरकीपर म्हणून लागला तेव्हा चार वर्षांच्या कॅरोलिनला घेऊन तीही मागोमाग आली. लेस्ली गरीब गाय. तो वर्षभरात जेवढं बोलायचा तेवढं मॅगी सकाळच्या चहाला बोलून टाकायची.

तिला नोकरी लागली ती बाब अल बहरीनच्या कमानीपासून दोन गल्ल्या आत. खाली सोनाराचं दुकान, वर हाशिम नावाच्या बहरिनी शेठची ट्रॅव्हल एजन्सी. उमरा, कराची, मुंबई, कोचीन या तिकिटांवर एजन्सीचं बरं चाललेलं. पण हाशिमशेठला कुठल्याशा विमानात शेजारच्या सीटवर एक ऑस्ट्रियन हॉटेलवाला भेटला, आणि उतरेपर्यंत शेठच्या डोक्यात बर्फ गेला. देशात तेलाचा पैसा खेळत होता, लोकांकडे सुट्ट्या होत्या, आणि हिवाळ्यात चार दिवस जाऊन बर्फावरून घसरून यायचं ही कल्पना शेठला फार थोर वाटली. डिसेंबरच्या सोळा तारखेला बहरीनचा नॅशनल डे. त्या सुट्टीला दरवर्षी एक ग्रुप आल्प्समध्ये न्यायचा, असं ठरलं. बर्फाचा मोसम तिकडे तेव्हा नुकताच सुरू होतो, त्यामुळे हॉटेलं रिकामी आणि स्वस्त. मोसम नुकताच सुरू झालेला असताना डोंगर काय करतो, हे मात्र विमानात कुणी सांगितलं नाही.

हॉटेलची खबर यायची टेलेक्सवर. टेलेक्स म्हणजे टाइपरायटरचा दांडगा थोरला भाऊ. इकडे मॅगीनं बटणं दाबली की तिकडे ऑस्ट्रियातल्या यंत्रातून तेच अक्षर कागदावर बाहेर. तिकडचा माणूस बसल्या जागी उत्तर टाइप करणार, ते इकडे खडखडत उमटणार. पहिल्या नोव्हेंबरात हॉटेलची माहिती आली ती मॅगीनं जशीच्या तशी टाइप करून गिऱ्हाइकांना वाटली: सौना, आहे. डान्सिंग, आहे. अ‍ॅव्हलँश, मध्यम.

अ‍ॅव्हलँश म्हणजे काय हे ऑफिसात कुणाला ठाऊक होतं? तिकिटं लिहिणारा वली रत्नागिरीचा. तो म्हणाला, "खायाचा काय तरी असंल गे मॅगीबाय. केकसारखा." मॅगीला वाटलं, वाद्यवृंद असेल. आठवडाभर सुखात गेला. मग अवालीच्या तेलवसाहतीतला एक इंग्रज जिना चढून आला, तो कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, अ‍ॅव्हलँश सध्या मध्यम आहे, तर ख्रिसमसपर्यंत जरा चांगला होईल का?" आणि हसून हसून खुर्चीत आडवा झाला.

मॅगीला कुणी हसलेलं चालायचं, पण तो कशाला हसतोय हे तिला कळत नसेल तर अजिबात नाही. इंग्रजाची पाठ वळताच तिनं टेलेक्स ठोकला: अ‍ॅव्हलँश म्हणजे काय, सविस्तर कळवा. तिकडून लांबलचक उत्तर आलं. उतारावरचा बर्फ एकदम सुटून खाली येतो, झाडं, घरं, माणसं सगळं घेऊन जातो. खाली सही, रॉबर्ट.

"जेजू मारी!" मॅगी ओरडली. वलीला तिनं एका वाक्यात सांगितलं, "अरे, बर्फाची दरड!" वलीचा चेहराच उतरला. दरड म्हणजे काय हे रत्नागिरीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. उरलेल्या सगळ्या कागदांवर मग दोघांनी बसून काळी शाई फिरवली.

पण मॅगीच्या मनात राहिली ती ती सही. रॉबर्ट! रॉबर्ट म्हणजे आपला माणूस, गिरीज नाहीतर नंदाखालचा, कुठे कुठे पोचतात वसईची पोरं! तिनं ताबडतोब विचारलं: रॉबर्ट, कुठल्या पॅरिशचा? त्यानं इमानेइतबारे आपल्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या गावाचं नाव कळवलं. चौदा अक्षरांचं, त्यात स्वर दोनच. मॅगीनं ते तीनदा वाचलं आणि कबूल केलं की हे वसईत नाही.

तिथून त्यांची ओळख. रॉबर्ट हॉटेलच्या ऑफिसात हिशेबनीस, टेलेक्सवर तोच. सात वर्षं हिवाळ्यात, आणि उन्हाळ्यातही, दोघं यंत्रावरून बोलले. मॅगी विचारायची आणि तो सांगायचा. बर्फ एकदा पडून तसाच राहत नाही, थरावर थर बसतो, प्रत्येक थराची जात वेगळी. ऑक्टोबरात पडलेला पातळ बर्फ नंतरच्या कोरड्या थंडीत उघडा राहिला की त्याचे दाणे सुटे होतात, साखरेसारखे, मुठीत धरले तर गोळा होत नाही. नंतरचा भारी बर्फ या साखरेवर बसला की घात. म्हणून मोसमाची सुरुवात वाईट. डोंगर पांढरा दिसतो म्हणून लोक हुरळतात, आणि खालची साखर कुणाला दिसत नाही. हॉटेलला जाणारा रस्ता सात वळणांचा, आणि चौथ्या वळणाच्या डोक्यावर एक मोठा उघडा उतार आहे, हेही तिला पाठ झालं. बहरीनच्या पंचेचाळीस डिग्रीत, एसी बंद पडलेल्या खोलीत पदरानं वारा घेत ही बाई आल्प्सच्या उताराची चौकशी करायची.

१९८२च्या सप्टेंबरात ग्रुप नेणारा इंग्रज नोकरी सोडून मायदेशी गेला. हाशिमशेठनं मॅगीला बोलावलं. शेठचं हिंदी मुंबईच्या फेऱ्यांत कमावलेलं. "मिस मेगी," तो म्हणाला, "तुम सात साल बर्फ बेचता. इस साल तुम जाओ. एक बार देखो तो सही."

मॅगी पहिल्यांदा गप्प झाली. एवढी की शेठ घाबरला आणि त्यानं पाणी मागवलं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. वसईला पाचही बहिणींना पत्रं गेली. मायदेशी निघालेल्या इंग्रज बाईचा जाड लोकरी कोट मिळवला. तो दोन मापं मोठा, पण मॅगी म्हणाली, आत स्वेटर घालायला जागा नको? लेस्लीच्या हॉटेलातल्या कोल्ड रूममध्ये ती कोट घालून रोज दहा मिनिटं उभी राहायची, सवय म्हणून. आजूबाजूला टांगलेली बकरी, मध्ये मॅगी. हॉटेलचा आचारी एकदा न सांगता आत आला आणि किंचाळत बाहेर पळाला. अकरा वर्षांच्या कॅरोलिननं विचारलं, "मम्मी, व्हॉट विल यू डू देअर?" मॅगी म्हणाली, "काय करणार? हातात घेणार. सात वर्षं जिभेवर घेतला, एकदा हातात घेऊन बघणार." आणि हे बोलताना तिचे डोळे भरून आले, तेही लेकीसमोर. कॅरोलिननं घाबरून "ओके, ओके" म्हटलं.

चर्चमध्ये तर बायकांना तिनं वैताग आणला. शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा सुटली की मॅगीभोवती घोळका, आणि मॅगी सांगतेय पावडर स्नो कसा असतो. बेनिटा नावाची नर्स होती सलमानियाच्या हॉस्पिटलात, ती शेवटी म्हणाली, "बाय, तू जाऊन ये आणि आम्हाला मोकळं कर."

ग्रुप बावीस जणांचा. त्यात शेठच्या बहिणीची, खदिजाची, तीन मुलं, काही बहरिनी कुटुंबं, दोन इंग्रज, आणि सलमानियाच्याच डॉक्टर अरुणा, त्यांची मुलगी आणि मुलगा. डॉक्टर अरुणा मराठी, म्हणून मॅगीवर त्यांचा भरवसा. "मॅगी, मुलांना झेपेल ना?" त्यांनी विचारलं होतं. "मी आहे ना, डॉक्टर," मॅगीनं छाती ठोकून सांगितलं होतं.

विमान पंधरा डिसेंबरचं. अकरा तारखेला सकाळी टेलेक्स खडखडला. रॉबर्टनं कळवलं होतं: जमिनीला ऑक्टोबरचा जुना स्नो, शुगर स्नो झालेला. त्यावर पातळ आइस. त्यावर परवापासून नवा स्नो, सत्तर सेंटिमीटर, वाऱ्यानं दाबलेला. रस्त्यावरच्या उताराखाली सांभाळून. रस्ता चालू. हॉटेल चालू.

शेठला इंग्रजी आकड्यांपुरतं. कागद वलीकडे गेला, वलीनं तो अरबीत सांगायला घेतला, आणि इथेच घोटाळा झाला. इंग्रजांकडे आइस वेगळा, स्नो वेगळा. अरबीत दोन्ही थल्ज. वलीनं हिंदीचा आधार घेतला, तर तिथे दोन्ही बर्फ. मराठीत जावं तर तिथेही बर्फच. तीन भाषा, शब्द एक, आणि तो गरीब बिचारा रत्नागिरीकर. तो म्हणाला, "खाली शकर, शेठ. त्याच्यावर थल्ज. थल्जवर परत थल्ज."

"ज़ेन!" शेठ खुर्चीतून उठला. "वायद ज़ेन! खाली साखर, वर बर्फच बर्फ! और क्या मँगता?"

तासाभरात जिन्यावर रंगीत पुठ्ठा लागला, इंग्रजीत आणि अरबीत: यंदा खास, शुगर स्नो! येणारी-जाणारी माणसं थांबून वाचायला लागली. एका माणसानं विचारलं, मधुमेह असेल तर चालेल का.

आणि मॅगी? मॅगीला सगळं कळलं होतं. बावीस माणसांची बस चौथ्या वळणाखालून जाणार, डोक्यावर तो उतार, उताराला खाली साखर. ती कागद हातात घेऊन बसली आणि काही बोलली नाही. खोटं कशाला बोला, तिला तो कोट दिसत होता, दाराच्या मागे खुंटीला टांगलेला. रॉबर्टनंच लिहिलंय ना, रस्ता चालू म्हणून? तिथली माणसं तिथे राहतात, त्यांना कळत नाही काय? आपण कोण, वसईच्या मिठागरवाल्या? अशी आपल्याच मनाशी हुज्जत घालत तिनं तो आख्खा दिवस काढला.

संध्याकाळी लेस्लीनं चहा केला. साखरेचा डबा उघडा होता. मॅगीनं चमचा घातला, आणि डब्यातली साखर एका बाजूनं भसकन घसरली. मॅगी तशीच बघत राहिली.

तिला बापाची रास आठवली. मिठागरावर गेल्या सालचं मीठ राशीत उरलं की उन्हानं आतून भुरभुरीत होतं, दाणा दाण्याला धरत नाही. वरून दवानं त्याला पापुद्रा धरतो. नवं मीठ आलं की मजूर घाईनं त्याच्यावरच ओततात. मॅगी अकरा वर्षांची असताना बापाची भाकरी घेऊन अशा राशीवर चढली होती. पायाखाली रास "हुप्" करून बसली, कुणी पोटातून हुंकार द्यावा तशी. तिला गंमत वाटली होती. ती हसली, भाकरी ठेवली, खाली उतरली आणि कुणाला काही बोलली नाही. अर्ध्या तासानं राशीची आख्खी कड एका तुकड्यात सुटली आणि बाप तिच्याखाली गेला. वाचला, पण कंबर गेली. पुढची अकरा वर्षं खाटेवर काढली त्यानं. ती "हुप्"ची गोष्ट मॅगीनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. ना आईला, ना कन्फेशनमध्ये पाद्रीबाबाला, ना लेस्लीला. जगात सगळ्या विषयांवर बोललेली ही बाई त्या एका विषयावर तीस वर्षं मुकी होती.

"काय झालं?" लेस्लीनं विचारलं.

"काही नाही. साखर ओली होईल, झाकण लाव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा जिना चढताना पुठ्ठ्यापाशी डॉक्टर अरुणा उभ्या, मुलांना घेऊन. मुलगी सात वर्षांची. तिनं मॅगीचा पदर ओढला. "आंटी, इज इट रिअली स्वीट?"

मॅगीनं तिच्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि पुठ्ठा टरकन ओढून काढला. "कसला स्वीट! तुम्ही घरी जा, डॉक्टर. मी फोन करते," म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली.

हाशिमशेठ न्याहारीला बसला होता. समोर पितळी ताट, खुब्जच्या गोल चपट्या रोट्या, चहाचे छोटे पेले, साखरेचं भांडं. मॅगीनं वलीला हाक मारली, "ये रे, आणि मी बोलेन तेवढंच सांग. तुझं थल्जावर थल्ज आता बास झालं." मग तिनं शेठच्या पुढ्यातलं ताट ओढलं. शेठचा घास हातात राहिला.

तिनं ताट रिकामं केलं, त्यावर पाण्याचा हात फिरवला, खुब्ज थापटून बसवला आणि ताट तिरकं केलं. खुब्ज जागचा हलला नाही. "हा चांगला बर्फ," ती म्हणाली. मग खुब्ज काढला, ताट पुसलं, मूठभर साखर पसरली, दुसरा कोरडा खुब्ज अलगद तिच्यावर ठेवला. ताटाच्या खालच्या काठाशी शेठची काड्यापेटी ठेवली. "ही आपली बस, सर. बावीस माणसं." आणि ताट तिरकं करायला घेतलं, अगदी हळू.

खुब्ज आख्खाच्या आख्खा सुटला. काड्यापेटी त्याखाली गेली, चहाचा पेला आडवा झाला, आणि साखर, खुब्ज, बस, सगळं शेठच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ तोबेवर येऊन पडलं.

वली म्हणाला, "या अल्ला." ते कुठल्याच भाषेत सांगावं लागलं नाही.

शेठ रागावला, हे उघड आहे. अर्धं मिनिट अरबीत जे काय बोलला ते वलीनं भाषांतर केलं नाही. मग त्यानं मांडीवरचा खुब्ज उचलला आणि त्याच्याखालची काड्यापेटी हातात घेऊन फिरवली. "लेकिन लिखा है, रस्ता चालू," तो म्हणाला.

तेव्हा मॅगीनं बापाची गोष्ट सांगितली. मोडक्या हिंदीत, उभ्या उभ्या. पाय ठेवला तेव्हा रास बोलली होती आणि मी गप्प बसले होते, सर. काल पण गप्प बसले. एक दिवस पूर्ण. कारण मला जायचं होतं. सांगताना रडू आलं ते तिनं पुसलं नाही, कारण हातांना साखर लागली होती.

शेठनं तोबेवरची साखर झटकली. "उसमें खदिजा का बच्चा लोग है," तो म्हणाला. मग, "तुमको तो बहुत जाने का था, मिस मेगी?"

"था, सर," मॅगी म्हणाली.

"खलास," शेठ म्हणाला, आणि काड्यापेटी खिशात टाकली.

ग्रुप वळवला कैरोला. पिरॅमिड काही कुणाच्या अंगावर घसरत नाहीत. पण कैरोला न्यायला अरबी बोलणारा माणूस हवा, आणि मॅगीचं अरबी "यल्ला"पासून "मफी मुश्किल"पर्यंत. तेव्हा गेला कोण? तर वली! ज्यानं साखर विकली तो निघाला उंटावर बसायला, आणि जिनं बावीस जिवांचा विचार केला ती राहिली ऑफिसात किल्ल्या सांभाळत. देवाच्या घरी न्याय असतो म्हणतात. डिसेंबरात बहुधा तोही सुट्टीवर असावा. वली बिचारा शरमून म्हणाला, "मॅगीबाय, मी नाय जात." ती म्हणाली, "जा रे मेल्या, तुझ्या बापानं तरी पाहिलंय का कैरो!"

लोकांची तोंडं मात्र कुणी धरावीत? मुलं रडली. एका इंग्रजानं तिला "मिस अ‍ॅव्हलँश" नाव ठेवलं आणि ते बाजारभर झालं. डॉक्टर अरुणांना मुलांसाठी बर्फच हवा होता. त्यांनी कैरो नाकारलं, फोनवर "ठीक आहे" म्हणाल्या आणि ठेवून दिला. चर्चमध्ये बेनिटानं विचारलं, "काय गं, पडला का तुझा डोंगर?" मॅगी रोज सकाळी टेलेक्सकडे धावत यायची. पडला नव्हता.

पंधराला नाही. सोळाला सकाळी, नॅशनल डेच्या दिवशी, ऑफिसला जाता जाता ती चर्चमध्ये डोकावली. गुडघे टेकून म्हणाली, देवा, कुणाला काही होऊ देऊ नकोस. आणि त्याच दमात पुढे म्हणून गेली, पण पडू दे. थोडासाच पडू दे. कुणी नसताना. स्वतःचं ऐकून तिला एवढी लाज वाटली की मेणबत्ती न लावताच ती बाहेर पडली.

रस्त्यावर झेंडे, गाड्यांचे भोंगे, मुलांच्या गालांवर लाल-पांढरा रंग. ऑफिसात ती एकटी. तिनं ऑस्ट्रिया लावलं आणि टाइप केलं: रस्ता?

उत्तर आलं: रस्ता चालू. ऊन छान. काही घडलं नाही.

मॅगीनं टाइप केलं, थँक गॉड. ते तिनं खरंच मनापासून टाइप केलं, आणि मग यंत्रावर डोकं टेकून मनसोक्त रडली. सात वर्षांचा बर्फ गेला होता, नाव गेलं होतं, आणि डोंगर आपला ऊन खात उभा.

यंत्र पुन्हा खडखडलं. बावीस खाटा रिकाम्या, डायरेक्टर संतापलाय. ग्रुप कुणी रद्द केला?

मॅगीनं टाइप केलं: मी.

यंत्र गुणगुणत राहिलं. पलीकडून काहीच येईना. गेला वाटतं हाही रागावून, असं तिला वाटलं. मग अक्षरं भराभर यायला लागली, चुका करत, शब्द अर्धे सोडत. डायरेक्टर जेवायला गेलाय. पटकन लिहितो. माझ्या दोन मुली सहा दिवस शाळेत गेल्या नाहीत. शाळा खाली गावात, त्याच रस्त्यानं. बायको पाठवत नाही, मीही नाही. मला लिहायचं होतं, येऊ नका. डायरेक्टर पाठीशी उभा होता, तो म्हणाला, सांभाळून एवढंच लिही. शुगर लिहिलं मी, तुला कळेल म्हणून. हा कागद फाडून टाक, प्लीज. माझी नोकरी.

मॅगीनं ते उभं राहून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मिस अ‍ॅव्हलँश म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर चिकटवावा असा कागद होता तो. हाशिमशेठला दाखवावा, बेनिटाला चर्चच्या पायऱ्यांवर मोठ्यानं वाचून दाखवावा. मॅगी तुस्कानो आयुष्यात एवढी बरोबर कधीच ठरली नव्हती आणि पुन्हा ठरणारही नव्हती.

तिनं टाइप केलं: फाडला. मुलींना उद्यापण पाठवू नको.

आणि मग खरंच फाडला. बारीक बारीक, नखाएवढे तुकडे करून.

तुकडे टोपलीत टाकत होती तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर अरुणा. मिरवणूक बघायला आल्या होत्या, मुलांना घेऊन, ऑफिस उघडं दिसलं म्हणून वर आल्या. चेहरा अजून रागावलेला. "मॅगी, एक विचारू? तिकडे काही झालं का शेवटी?"

"नाही, डॉक्टर."

"रस्ता बंद झाला?"

"नाही. चालू आहे. ऊन पडलंय."

"मग?" डॉक्टर म्हणाल्या. "मुलं दोन महिने दिवस मोजत होती हो."

मॅगीच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ती टोपलीजवळ उभी होती. मुलगी आईचा हात सोडून टेलेक्सची बटणं बघायला पुढे आली होती, गालांवर लाल-पांढरा रंग, घामानं ओघळलेला. मॅगीनं आपल्या रुमालानं तिचा गाल पुसला.

"चुकलं माझं, डॉक्टर," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून त्याआधी लेस्लीनंसुद्धा कधी ऐकले नव्हते. मग तिनं ड्रॉवर उघडून दोन्ही मुलांना टॉफी दिली आणि मिरवणूक चांगली दिसावी म्हणून खिडकी उघडून दिली.